कूलर खिडकीत बसला आणि गाणे तुटू लागले

प्रश्न : आमचे घर लश्करमध्ये, जुन्या वळणाचे, मध्ये चौक आणि चारी बाजूंनी खोल्या असे आहे. भिंती दगडी, दीड-दोन हात जाडीच्या. मी निवृत्त शिक्षिका आहे आणि संध्याकाळी बैठकीत बसून गाणे ऐकणे हा माझा एकुलता एक शौक आहे. गेल्या दिवाळीत धाकट्या मुलाने पुण्याहून एक छोटे स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरून गाणे घेऊन वाजवणारे यंत्र, आणून माझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून दिले आणि स्वयंपाकघरात एक लहान वायरलेस स्पीकर बसवला. हिवाळाभर उत्तम चालले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मात्र गाणे मध्येच तुटते. दुपारी क्वचित, रात्री आठनंतर फार. सूनबाईने मायक्रोवेव्हमध्ये दूध तापायला ठेवले की हमखास थांबते. दोन्ही खोल्यांत एकदम लावले तर आणखी वाईट. कधी कधी फोनमधल्या यादीत बैठकीचे यंत्र दिसतच नाही. इंटरनेटवाल्याच्या सांगण्यावरून पन्नास मेगाबिट वेगाचा प्लॅन शंभरचा केला, फरक पडला नाही. दुकानदाराने रिपीटर दिला, तो बैठकीत लावला, तर त्रास वाढलाच. राउटर चौकापलीकडच्या खोलीत आहे. आता काय करावे?
– एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर

उत्तर :

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. हिवाळाभर निर्धोक चाललेले यंत्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बिघडते, तेव्हा यंत्र उघडण्याआधी त्या आठवड्यात घरात काय बदलले हे विचारावे, असा माझा शिरस्ता आहे. आपल्या ग्वाल्हेरात त्या सुमारास घरोघरी एकच गोष्ट बदलते, ती म्हणजे माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. म्हणून मी आपल्याला निरोप पाठवून कूलर कोठे बसवला आहे एवढेच विचारले, आणि आपण कळवलेत की गल्लीच्या बाजूला जागा नसल्यामुळे तो बैठकीच्या चौकाकडच्या खिडकीत बसवला आहे, आणि चौकाकडे उघडणारी बैठकीची तेवढी एकच मोठी खिडकी आहे. माझ्या मते आपल्या दुखण्याचे मूळ तेथेच आहे. बाकीची कारणे आहेत, पण ती त्यावर चढलेली आहेत.

राउटर चौकाच्या त्या बाजूला आणि स्ट्रीमर या बाजूला आहे. वाय-फायच्या ज्या लहरींवर असे स्ट्रीमर बहुधा चालतात, त्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते, आणि राउटरची एकूण ताकद एका वॉटच्या दशांशाच्या आसपास असते. एवढ्याशा ताकदीने दीड-दोन हात जाडीची दगडी भिंत पार करणे जवळजवळ अशक्य आहे. मग हिवाळ्यात आपले गाणे कसे चालत होते? ते भिंतीतून येतच नव्हते. त्या खोलीच्या दारातून चौकात, चौकातून खिडकीत आणि खिडकीतून बैठकीत अशी त्याची मोकळी वाट होती. एप्रिलमध्ये आपण त्या वाटेत एक पत्र्याचे खोके ठेवलेत, ज्याच्या तळाशी टाकीभर पाणी आहे आणि ज्याच्या तीन बाजूंना गवताच्या ओल्या जाळ्या आहेत. पत्रा या लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. म्हणजे उजेडाला अर्धी उघडी दिसणारी खिडकी रेडिओ लहरींना विटा रचून बुजवल्यासारखी झाली. आता जे काही बैठकीत पोहोचते ते दाराच्या फटीतून आणि समोरच्या भिंतीवर आपटून, वळसा घालून येते.

यावर नुसता विश्वास ठेवू नका, मोजून पाहा. अँड्रॉइड फोन असल्यास वाय-फायची ताकद आकड्यात दाखवणारे एखादे मोफत अ‍ॅप त्यात घ्यावे. तो आकडा उणे चिन्हाने लिहिलेला असतो आणि त्याचे एकक डीबीएम असते. उणे ५० म्हणजे फार चांगली ताकद. उणे ६७ पर्यंत अखंड आवाज चालायला हरकत नसते. उणे ७५ च्या खाली गेल्यावर भरवसा संपतो. हा आकडा दहाने खाली गेला की ताकद एक दशांश उरते, हे लक्षात ठेवावे, कारण ‘साठ आणि सत्तर यांत काय मोठेसे अंतर’ असे पाहणाऱ्याला वाटते. फोन घेऊन प्रथम चौकात कूलरच्या पाठीशी उभे राहा, आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा मिनिट थांबा आणि लिहून घ्या. मग आत येऊन कूलरच्या पुढे, स्ट्रीमर ठेवला आहे त्याच फळीवर फोन ठेवून पुन्हा लिहून घ्या. दोन आकड्यांत पंधरा-वीसचे अंतर निघाले, तर पुढचे सारे उत्तर त्यावर उभे राहते.

आता प्लॅनविषयी. पन्नासचा शंभर केल्याने फरक पडला नाही, हे होणारच होते. सीडीच्या दर्जाच्या संगीतात दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा आणि डावी-उजवी अशा दोन बाजू, म्हणजे सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट, सुमारे १.४ मेगाबिट एवढीच गरज असते; आणि दर्जा न गमावता दाबून पाठवलेल्या फाइलींना त्याहूनही कमी पुरते. पन्नासच्या प्लॅनमध्ये अशी तीसहून अधिक गाणी एकाच वेळी वाजली असती. गाण्याला वेग थोडाच लागतो, परंतु तो न चुकता लागतो. आपल्या घरी नळाचे पाणी ठराविक वेळी येते आणि तरी मोरीतली तोटी दिवसभर चालते, कारण गच्चीवर टाकी आहे. स्ट्रीमरच्या पोटातही अशीच काही सेकंदांची टाकी असते. वाटेत अडथळा येऊन पुरवठा क्षणभर थांबला तर ऐकणाऱ्याला कळतही नाही. टाकी रिकामी होईपर्यंत पुरवठा परतला नाही, तरच गाणे तुटते. मोठा प्लॅन म्हणजे शहराला पाणी पुरवणाऱ्या तिघऱ्याच्या धरणातच जास्त पाणी सोडण्यासारखे आहे, आणि आपल्या येथे तर गल्लीतला पाइप चेपला आहे.

गाणे ‘तुटते’ असे आपण लिहिले आहे, पण ते दोन तऱ्हांनी तुटते आणि दोन्हींचा अर्थ वेगळा असतो. थांबलेले गाणे जेथे थांबले तेथूनच पुढे सुरू झाले, तर टाकी रिकामी झाली होती. मधला तुकडा गाळून गाणे पुढेच निघून गेले, तर दोन यंत्रांना एका वेळेवर ठेवण्यासाठी उशिरा आलेला तुकडा फेकून दिला गेला. तिलवाडा तालातला संथ, विलंबित ख्याल ऐकताना दोन सेकंद गेले तर एखाद-दुसरीच मात्रा जाते, पण ती समेची असली तर आपल्यासारख्या श्रोत्याचे पुढचे आवर्तनही बिघडते. बैठक आणि स्वयंपाकघर एकदम लावल्यावर त्रास वाढतो, तो याच दुसऱ्या तऱ्हेचा असणार. दोन खोल्यांत एकच गाणे हजारांश सेकंदाच्या हिशेबाने जुळवावे लागते, त्यामुळे उशिराला दिलेली सूट कमी असते. शिवाय अनेक व्यवस्थांत गटातले एक यंत्र इंटरनेटवरून गाणे घेते आणि दुसऱ्याला तेच पुरवते. हे पुढारीपण दुर्बळ जागी असलेल्या बैठकीच्या यंत्राकडे गेले, तर स्वयंपाकघरातले निरोगी यंत्रही त्याच्याबरोबर आजारी पडते. तूर्त दोन्ही खोल्या एकत्र लावू नयेत.

रात्री आठनंतर का, याचेही उत्तर याच खिडकीशी जोडलेले आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. त्यात तेरा चॅनेल मोजले जातात, पण ते एकमेकांपासून पाच-पाच मेगाहर्ट्झवर असून प्रत्येकाला वीसची रुंदी लागते, म्हणून एकमेकांच्या अंगावर न जाणारे चॅनेल व्यवहारात तीनच धरतात : १, ६ आणि ११. लश्करच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. आपल्या गच्चीवर उभे राहून फोन उघडला तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाय-फायची नावे मोजून कंटाळा येईल. वाय-फायची शिस्त अशी की बोलण्याआधी ऐकायचे, आणि दुसरा कोणी बोलत असेल तर थांबायचे. रात्री जेवणे आटोपून घरोघरी टीव्ही आणि फोनवरचे सिनेमे सुरू झाले की आपल्या राउटरला बोलायला जागा मिळेपर्यंत वाट पाहावी लागते. हिवाळ्यातही ही गर्दी होतीच, पण तेव्हा आपल्याकडे ताकदीची शिल्लक होती. एखादा तुकडा वाया गेला तर तो लगेच पुन्हा पाठवता येई. कूलरने ती शिल्लक खाल्ली. म्हणून दुपारी, शेजार शांत असताना, जेमतेम चालते आणि रात्री चालत नाही.

मायक्रोवेव्हचे तर उघडच आहे. तो २,४५० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे याच पट्ट्याच्या मध्यावर काम करतो, आणि दाराच्या कडेने जे अगदी थोडे बाहेर झिरपते तेही राउटरच्या दुरून आलेल्या क्षीण लहरींपेक्षा पुष्कळ बलवान असते. जुन्या धर्तीच्या ट्रान्स्फॉर्मरच्या मायक्रोवेव्हमधून हा गोंगाट विजेच्या प्रत्येक आवर्तनात, म्हणजे वीस मिलिसेकंदांत, साधारण अर्धा वेळ निघतो आणि अर्धा वेळ थांबतो. ताकदवान वाय-फाय त्या फटींतून आपले काम साधून घेते, अशक्त वाय-फायला ते जमत नाही. यात मायक्रोवेव्ह खराब असण्याचा प्रश्न नाही, आणि सूनबाईंना काही सांगण्याचीही गरज नाही.

रिपीटर मात्र काढून ठेवावा, आणि शक्य असल्यास दुकानदाराला परत करावा. आपल्याला तो ज्या जागी लावायला सांगितला, ती जागाच चुकीची आहे. रिपीटर कानावर पडलेले मोठ्याने पुन्हा सांगतो. त्यालाच जर तुटक ऐकू आले तर तो तुटकच सांगणार, आणि आपण त्याला कूलरच्या अलीकडे, स्ट्रीमरच्या शेजारी बसवला आहे. त्यात साधे स्वस्त रिपीटर ऐकणे आणि सांगणे एकाच चॅनेलवर करतात, म्हणजे प्रत्येक तुकडा हवेत दोनदा जातो आणि आधीच गर्दीचा रस्ता आणखी भरतो. तेथे फोनवर वाय-फायची पूर्ण भरलेली कांडी पाहून आपल्याला बरे वाटले असेल, पण ती कांडी रिपीटरपर्यंतची आहे, राउटरपर्यंतची नाही.

यादीत यंत्र न दिसण्याचे मूळही बहुधा या रिपीटरपाशीच सापडेल. त्याचे वाय-फाय वेगळ्या नावाचे आहे का, आणि फोन कधी एका नावाला व कधी दुसऱ्याला चिकटतो का, हे पाहावे. इंटरनेटवाल्याचा फायबरचा डबा आणि आपला राउटर हे दोन्ही वाय-फाय देत असतील, तर तेच तिसरे नाव. फोन एका जाळ्यात आणि स्ट्रीमर दुसऱ्या जाळ्यात असला की ते एकमेकांना हाक मारू शकत नाहीत. घरात वाय-फाय एकच ठेवावे. डब्यातले बंद करून घ्यावे, आणि पाहुण्यांसाठी काढलेल्या वेगळ्या नावावर फोन जोडू नये, कारण त्यात यंत्रांना एकमेकांपासून मुद्दाम दूर ठेवलेले असते.

उपायाकडे वळण्यापूर्वी आणखी एक चाचणी करून घ्यावी. तिला काहीच खर्च नाही. एका संध्याकाळी स्ट्रीमर आणि अ‍ॅम्प्लिफायर राउटरच्या खोलीत न्यावे. अ‍ॅम्प्लिफायर जड असेल तर स्ट्रीमरला हेडफोन लावला तरी चालेल. राउटरबरोबर मिळालेली छोटी पिवळी किंवा निळी लॅन केबल स्ट्रीमरच्या पाठीमागच्या खाचेत लावावी आणि आठ ते नऊ असा तासभर गाणे ऐकावे. पंडित कृष्णराव शंकर पंडितांचे एखादे जुने ध्वनिमुद्रण लावा, म्हणजे तासभर उठावेसे वाटणार नाही. त्या तासात एकदाही तुटले नाही, तर इंटरनेट, अ‍ॅप आणि स्ट्रीमर तिन्ही निर्दोष आहेत आणि दोष फक्त राउटर ते बैठक या हवेतल्या वाटेत आहे. तेथेही तुटले, तर माझे वरचे सारे निदान बाजूला ठेवून इंटरनेटवाल्याला बोलवावे, आणि प्लॅनची गोष्ट न काढता ‘रात्री आठला लाइन अडखळते’ एवढीच तक्रार लिहून द्यावी. याच तासात एकदा फोन विमान मोडमध्ये टाकून पाहा. गाणे चालूच राहिले, तर स्ट्रीमर थेट इंटरनेटवरून गाणे घेत आहे आणि फोन फक्त रिमोटसारखा आहे. बंद पडले, तर प्रत्येक सूर आधी आपल्या फोनमधून जात आहे. मग फोन पदराशी ठेवून आपण स्वयंपाकघरात गेलात की गाणेही आपल्यामागे तेथे जाऊन परत बैठकीत येते, आणि फोनची बॅटरी वाचवण्याची सोय मध्येच अ‍ॅपला झोपवू शकते. ती सोय त्या अ‍ॅपपुरती बंद करावी.

चाचणीने माझे म्हणणे खरे ठरले, तर माझा सल्ला स्पष्ट आहे : चौकाला वळसा घालून एक तार टाकावी. लॅनची कॅट ६ केबल शंभर मीटरपर्यंत काही न गमावता चालते. आपल्याला पंचवीस-तीस मीटर पुरावी. दगडाला भोक पाडू नका. जुन्या घरांत दाराच्या वर उजेडासाठी झरोके असतात, त्यातून तार बाहेर काढून सज्जाच्या खालच्या कडेने न्यावी आणि बैठकीच्या झरोक्यातून आत घ्यावी. वायरमनला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. विजेच्या तारांच्या नळीत ही तार घालू नये, आणि केबल पूर्ण तांब्याची घ्यावी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल दुकानात सर्रास मिळते आणि पुढे सांध्यांशी त्रास देते. उघड्या चौकातून जाणारा तुकडा ऊन-पावसासाठी पीव्हीसी नळीत असावा. बैठकीत ती तार थेट स्ट्रीमरला लावली की कूलर, शेजारी आणि मायक्रोवेव्ह या तिघांशीही बैठकीचा संबंध संपतो. जुना राउटर घरात पडून असेल तर तोच बैठकीत अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे तारेवरून आलेले इंटरनेट वाय-फायने देणारे ठिकाण, म्हणून लावता येतो, म्हणजे फोनलाही चांगले वाय-फाय मिळेल. फक्त त्याचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करायला विसरू नये, नाहीतर घरात दोन जण पत्ते वाटू लागतात आणि यादीतून यंत्र गायब होण्याचा खेळ पुन्हा सुरू होतो.

तार टाकणे अगदीच शक्य नसेल, तर राउटर त्या खोलीच्या आतून काढून चौकाकडच्या दारापाशी, छातीहून उंच जागी ठेवावा, आणि तो लोखंडी कपाटावर किंवा टीव्हीच्या पाठीमागे असेल तर हे आधी करावे. २.४ चा चॅनेल ‘ऑटो’वर न ठेवता १, ६, ११ यांपैकी जो गच्चीवर कमी गजबजलेला दिसेल त्यावर स्थिर करावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. टीव्ही आणि सर्वांचे फोन ५ गिगाहर्ट्झवर घालावेत, म्हणजे घरातली तरी गर्दी कमी होईल. स्ट्रीमरला मात्र ५ वर नेऊ नये, कारण ती लहर दगडापुढे आणखी लवकर हार मानते. याने सुधारणा होईल, पण पूर्ण समाधान होईल असे मी म्हणणार नाही.

विजेचे थोडक्यात सांगतो. दिवा क्षणभर लुकलुकल्यानंतर गाणे दोन-तीन मिनिटे जात असेल, तर राउटर पुन्हा सुरू होत आहे. तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावा किंवा त्याच्यासाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावावा.

एक कबुली द्यावीशी वाटते. माझ्याच घरी असा त्रास झाला तेव्हा मी राउटर बदलला, मग तो ठेवण्याची जागा बदलली आणि शेजाऱ्यांवर संशय घेतला. दीड महिन्याने लक्षात आले की गाण्यांच्या संग्रहाची हार्डडिस्क मी आखूड यूएसबी ३.० केबलने स्ट्रीमरला जोडून त्याच्याच डोक्यावर ठेवली होती, आणि त्या जोडणीतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. लांब केबल घेऊन डिस्क हातभर दूर ठेवली आणि त्रास गेला. आपल्या स्ट्रीमरला असे काही जोडलेले असेल तर ते पहिल्या दिवशीच काढून पाहावे.

कूलर काढून टाका, असे मात्र मी मे महिन्यातल्या ग्वाल्हेरात कोणालाही सांगणार नाही. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की आपण तो स्वतःच उतरवाल, खिडकी मोकळी होईल आणि गाणे पूर्वीसारखे चालू लागेल. तेव्हा वायरमनला नको म्हणू नये; तार पावसाळा संपता संपता टाकून घ्यावी, कारण पुढच्या चैत्रात कूलर पुन्हा त्याच खिडकीत बसणार आहे.